किडनी साखर परत का पाठवते?

[काळा पडदा. मधोमध आकडा : १८० ग्रॅम]

आपल्या रक्तातली जवळपास १८० ग्रॅम साखर रोज लघवीच्या वाटेला लागते. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर छत्तीस चमचे. निरोगी माणसाच्या लघवीत मात्र त्यातली चिमूटभरही उतरत नाही. सगळी साखर वाटेतूनच माघारी वळते आणि पुन्हा रक्तात येते. तिला माघारी वळवते ती आपली किडनी.

मधुमेहाबद्दल बोलताना आपण स्वादुपिंडाबद्दल बोलतो, गोडाबद्दल बोलतो, वजनाबद्दल बोलतो. किडनीचं नाव निघतं ते अगदी शेवटी, ‘शुगरनं किडनी गेली’ या वाक्यात. जणू तिनं वर्षानुवर्षं नुसता मार खाल्ला. खरं तर या आजारात ती पहिल्या दिवसापासून कामाला लागलेली असते. वाढलेली शुगर वाढलेलीच ठेवण्यात तिचा स्वतःचा हात असतो. शुगर अशी चढलेली राहिली की शरीर इन्सुलिनला, म्हणजे स्वादुपिंडात बनणाऱ्या आणि साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, आणखी दाद देईनासं होतं. किडनी आणि इन्सुलिन यांचं हे नातं कळलं, तर गेल्या दहा वर्षांत मधुमेहाच्या उपचारात एवढा बदल का झाला तेही कळतं.

[सूक्ष्मदर्शकाखाली किडनीचा छेद. केशवाहिन्यांचे गोल गुंते, भोवती नळ्यांची जाळी]

एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक गाळणी आणि तिला जोडलेली एक लांब, नागमोडी नळी. गाळणीत रक्त दाबाखाली येतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आत राहतात. पाणी, क्षार, युरिया आणि साखर नळीत झिरपतात. दोन्ही किडन्या मिळून असं १८० लिटर पाणी रोज गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे किडनीचं मोठं काम गाळण्याचं नाही, गाळलेलं परत घेण्याचं आहे.

मळणी आटोपल्यावर खळ्यात सांडलेला दाणा न दाणा वेचणाऱ्या बाईसारखी ही नळी साखर वेचते. नळीच्या सुरुवातीच्या भागात, पेशींच्या भिंतीत एक प्रथिन बसलेलं असतं. त्याचं नाव एसजीएलटी-२. मिठातल्या सोडियमच्या एका कणाबरोबर ते साखरेचा एक रेणू उचलतं आणि आत घेतं. सुमारे नव्वद टक्के साखर इथेच परत जाते. जी निसटते तिला पुढच्या भागातलं एसजीएलटी-१ पकडतं.

माणसाच्या लाखो वर्षांच्या इतिहासात अन्नाची खात्री फार थोड्यांना होती. अशा काळात एक चमचा साखरही लघवीतून गमावणं परवडणारं नव्हतं. किडनीचं हे काम त्या दुनियेत अगदी योग्य होतं.

पण या वेचण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की नळी कमी पडू लागते आणि लघवीत साखर दिसू लागते. सुश्रुतसंहितेनं मधुमेहाचे दोन प्रकार सांगितले, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. त्या काळी वैद्यांना जी लक्षणं डोळ्यांनी दिसत होती, त्यांत मधासारखी लघवी हे मुख्य होतं. १७७६ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं रुग्णाची लघवी आटवून उरलेला पदार्थ साखरच आहे हे दाखवलं. रुग्णाच्या रक्तातला द्रवही गोड लागतो, हेही त्यानं नोंदवून ठेवलं. म्हणजे साखर किडनीत तयार होऊन थेट लघवीत जात नव्हती, ती रक्तातून येत होती.

[परीक्षानळीत निळं द्रावण. ज्योतीवर धरल्यावर ते हिरवं, मग पिवळं, मग विटकरी होतं]

हे बेनेडिक्टचं द्रावण. आपल्याकडे कित्येक घरांतल्या आजी-आजोबांची शुगर वर्षानुवर्षं याच निळ्या द्रावणानं तपासली गेली. विटकरी रंग आला की औषध वाढवायचं, निळा राहिला की हायसं वाटायचं.

त्या निळ्या रंगानं अनेकांची फसगत केली. टाइप-२ मधुमेह, म्हणजे सहसा मोठ्या वयात होणारा नेहमीचा प्रकार, जुना होत जातो तशी किडनीची साखर परत घेण्याची ताकद वाढते. नळीवर सतत जास्त साखर येत राहिली की तिथली यंत्रणा त्या कामाला सरावते, जास्त वेचू लागते. मग रक्तातली शुगर २०० वर असतानाही लघवीच्या तपासणीत साखर मुळीच न दिसणं शक्य असतं. उलट गरोदरपणात हा उंबरठा खाली येतो, आणि रक्तातली शुगर नॉर्मल असूनही लघवीत साखर सापडते. म्हणून आज कोणी लघवीतली साखर बघून मधुमेह नाही असं म्हणत असेल, तर त्यावर विसंबू नका. रक्ताचीच तपासणी हवी.

थोडं थांबून या गोष्टीकडे बघा. रक्तात साखर आधीच जास्त आहे. बाहेर टाकायची वाट उपलब्ध आहे. आणि किडनी ती वाट आणखी घट्ट बंद करते.

[लंडन, १९३६. जुनी छायाचित्रं]

आता इन्सुलिनकडे वळू. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं, पुढच्याच वर्षी ते रुग्णांना मिळू लागलं. सगळ्यांना वाटलं, मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, ती भरून काढली की झालं. लंडनमध्ये हॅरोल्ड हिम्सवर्थ या डॉक्टरांनी रुग्णांना एकाच वेळी तोंडानं ग्लुकोज आणि शिरेतून इन्सुलिन देऊन पाहिलं. काहींची शुगर इन्सुलिननं लगेच आवरली. काहींच्या शरीरावर त्याच इन्सुलिनचा फारसा परिणाम झाला नाही. १९३६ मध्ये त्यांनी लिहिलं की मधुमेह दोन जातींचा आहे, एक इन्सुलिनला दाद देणारा आणि एक न देणारा. त्या वेळी फार थोड्यांनी याकडे लक्ष दिलं. १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची अचूक पद्धत दिली. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतं, भरपूर होतं. हिम्सवर्थ बरोबर होते.

यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. जेवल्यावर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. इन्सुलिननं इशारा दिला की स्नायूपेशी साखर आत घेणारी प्रथिनं आपल्या बाहेरच्या भिंतीवर आणून ठेवते. पण पेशीत, लिव्हरमध्ये, जिथे चरबी साठायची जागा नाही तिथे चरबी साठत गेली, की हा इशारा मध्येच अडतो. साखर रक्तातच राहते. लिव्हरलाही इन्सुलिनचं ‘आता साखर बनवणं थांबव’ हे सांगणं पोचत नाही. ते रात्रभर साखर बनवत राहतं, आणि सकाळी उपाशीपोटी शुगर जास्त येते. ‘काल रात्री भातसुद्धा खाल्ला नाही, तरी शुगर १६० कशी?’ हा प्रश्न दवाखान्यात रोज विचारला जातो. उत्तर ताटात शोधून सापडत नाही.

त्या रात्रीच्या साखरेत किडनीचाही वाटा असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. किडनी स्वतः साखर तयार करते. लॅक्टेटपासून, ग्लुटामिनपासून, ग्लिसरॉलपासून. रात्रभराच्या उपासानंतर रक्तात येणाऱ्या नव्या साखरेतली सुमारे पाचवा हिस्सा साखर किडनीनं बनवलेली असते. इन्सुलिन तिलाही आवरतं. इन्सुलिनचा प्रभाव कमी झाला की हीसुद्धा साखर वाढते. म्हणजे मधुमेहात किडनी दोन बाजूंनी साखर वाढवते : नवी बनवते आणि गाळलेली परत देते.

[पुणे. केईएम हॉस्पिटल. मग शहराबाहेरची गावं, शेतात काम करणाऱ्या बाया]

इथे आपल्या घरची गोष्ट सांगायला हवी. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा खूप हलकी होती, सरासरी सुमारे २.७ किलो, तिकडची ३.५ किलो. वजन कमी होतं ते स्नायूंमुळे आणि पोटातल्या अवयवांमुळे. चरबी मात्र त्या मानानं कमी नव्हती. अंगानं बारीक, आतून चरबीचं. पुढच्या अभ्यासात नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही इंग्लंडमधल्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघालं. ज्या आजाराला आपण चाळिशीचा आजार समजतो, त्याची तयारी जन्माआधीच सुरू झालेली असते. आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त असेल, तर त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त दिसला, हेही याच अभ्यासातून समोर आलं.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या माणसांबद्दल एवढ्या थोडक्यात एवढं सांगणारा दुसरा फोटो मला माहीत नाही. ‘मी तर बारीक आहे, मला कशी होईल शुगर?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवावा.

हलक्या वजनाच्या बाळांचा किडनीशीही संबंध आहे. नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात, गर्भारपणाच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर जन्मभर एकही नवा बनत नाही. कमी वजनाच्या बाळांना नेफ्रॉन सरासरीनं कमी मिळतात. म्हणजे पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त, आणि त्याचा भार सोसायला गाळण्या कमी, अशी दुहेरी अडचण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी सर्वेक्षणानं भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. सर्व राज्यांत गोवा सर्वांत वर होता, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांमागे एक.

[सफरचंदाचं झाड. सालीचा जवळून फोटो]

या सगळ्यात सफरचंदाच्या झाडाचं काय काम, असं वाटेल.

१८३५ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा काढला, फ्लोरिझिन. कोयनेल ज्याच्या सालीतून मिळतं त्या सिंकोनासारखा कडू, म्हणून तापावर चालेल असं वाटलं होतं. १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांनी तो कुत्र्यांना दिला, आणि त्यांच्या लघवीतून साखर वाहू लागली. तीनच वर्षांनी याच फॉन मेरिंग यांनी मिंकोव्स्कींबरोबर कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात असल्याचं दाखवलं. एकाच माणसाच्या हाताखाली दोन प्रयोग झाले. जगानं दुसरा उचलला, त्यातून इन्सुलिन आलं. पहिला शंभर वर्षं पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरता राहिला.

१९८७ मध्ये लुचियानो रोसेटी, राल्फ डिफ्रॉन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग पुन्हा हाती घेतला, पण वेगळा प्रश्न घेऊन. उंदरांचं नव्वद टक्के स्वादुपिंड काढलं. त्यांना मधुमेह झाला आणि त्यांचे स्नायूही इन्सुलिनला दाद देईनासे झाले. मग त्यांना फ्लोरिझिन दिलं. फ्लोरिझिननं इन्सुलिन वाढत नाही, ते फक्त किडनीतली परतीची वाट अडवतं. साखर लघवीतून गेली, रक्तातली शुगर खाली आली. आणि त्या उंदरांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता पूर्ववत झाली.

मला हा प्रयोग सगळ्या विषयाचा कणा वाटतो. वाढलेली शुगर हा इन्सुलिन रेझिस्टन्सचा परिणाम आहे, हे माहीत होतं. ती त्याचं कारणही आहे, हे इथे दिसलं. शुगर चढलेली राहिली की स्नायू आणखी बधिर होतात, त्यामुळे शुगर आणखी चढते. आणि किडनी परत देत असलेली प्रत्येक चमचा साखर हे चक्र फिरतं ठेवते. म्हणून निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत शुगर नीट खाली आणणं इतकं मोलाचं आहे. ‘बघू, दिवाळीनंतर औषध सुरू करू’ असं म्हणून घालवलेले महिने शरीराच्या खात्यात जमा होत राहतात.

फ्लोरिझिन माणसांना देता येत नव्हतं. पोटातून ते नीट शोषलं जात नाही आणि आतड्यातल्या एसजीएलटी-१ लाही अडवतं, त्यामुळे जुलाब होतात. साखर अशी लघवीतून वाहू देणं धोक्याचं नाही का, ही शंकाही होतीच. तिचं उत्तर निसर्गानं आधीच देऊन ठेवलं होतं. काही मोजक्या घराण्यांत एसजीएलटी-२ जन्मतःच बिघडलेलं असतं. ही माणसं रोज कित्येक ग्रॅम, काही जण तर शंभर ग्रॅमच्या आसपास साखर लघवीतून गमावतात. त्यांची रक्तशर्करा नॉर्मल असते, किडन्या सामान्यपणे चांगल्या राहतात.

त्या धाग्यावरून फक्त एसजीएलटी-२ ला अडवणारी औषधं बनली. डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. नावाच्या शेवटी असलेलं ‘फ्लोझिन’ त्या सफरचंदाच्या सालीची आठवण आहे. २०१२ पासून ती बाजारात येऊ लागली. मधुमेही माणसाच्या लघवीतून ती रोज ६० ते ८० ग्रॅम साखर बाहेर जाऊ देतात. माणसांमध्येही, उंदरांसारखीच, स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारल्याचं दिसलं. मात्र शरीर गप्प बसत नाही. साखर जाते आहे हे कळताच लिव्हर थोडी जास्त साखर बनवू लागतं, भूकही वाढते. म्हणून या गोळ्यांनी शुगर आणि वजन कमी होतं, पण हिशोबानं व्हायला हवं तेवढं होत नाही.

[हॉस्पिटलचा वॉर्ड. मॉनिटरवर हृदयाचे ठोके]

खरा धक्का २०१५ मध्ये बसला. एम्पाग्लिफ्लोझिन हृदयाला घातक तर नाही ना, एवढंच पाहायला सात हजारांवर रुग्णांवर चाचणी झाली होती. सगळे मधुमेही, सगळ्यांना आधीपासून हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा विकार. औषध घेणाऱ्यांत हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी निघाले. पाठोपाठ किडनीच्या चाचण्या आल्या. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिननं किडनी निकामी होण्याचा आणि त्याच्याशी जोडलेला एकत्रित धोका ३० टक्क्यांनी कमी केला. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली, आणि तिच्यातल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच. फायदा त्यांनाही झाला.

मधुमेह नसलेल्यांनाही फायदा, म्हणजे हे श्रेय शुगर कमी होण्याचं नाही. मग कशाचं?

साखरेबरोबर सोडियमही परत घेतलं जातं, हे मघाशी पाहिलं. मधुमेहात नळी जास्त साखर वेचते, म्हणजे जास्त सोडियमही वेचते. नळीच्या पुढच्या टोकाला पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याचं काम आलेलं मीठ जोखणं. तिथपर्यंत मीठ कमी पोचलं की त्याला वाटतं, गाळणं कमी पडतंय. तो गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद करवतो. रक्ताचा लोट वाढतो, गाळणीच्या आतला दाब चढतो. सुरुवातीच्या काळात रिपोर्टमध्ये किडनी अगदी जोमात काम करतेय असं दिसतं, जीएफआर, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, नेहमीपेक्षाही जास्त येतो. हा जोम हेच दुखणं. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून गाळण्यांची भिंत सैल पडते, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागतं, मग एकेक गाळणी कायमची बंद होते. एसजीएलटी-२ अडवलं की मीठ पुढे पोचतं, रक्तवाहिनी आकसते, दाब उतरतो. म्हणूनच ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, सुरुवातीला किंचित वाढलेलं दिसतं. ते पाहून घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांशी बोला.

भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. किमती खूप उतरल्या. आपल्यासारख्या देशात ही लहान गोष्ट नाही. डायलिसिसवर गेलेल्या माणसाबरोबर अख्खं घर आठवड्यातून दोन-तीनदा हॉस्पिटलच्या वाऱ्या करतं. ती वेळ काही वर्षं पुढे ढकलणारी गोळी आता पुष्कळांच्या आवाक्यात आली आहे.

पण ती मेडिकलमधून मनानं आणून घ्यायची गोळी नाही. लघवीत साखर असल्यानं जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. खाज, आग सुरू झाली तर लाजून गप्प बसू नये. उपचार सोपा असतो. टाइप-१ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही अशा प्रकारात, या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. आणि खाणंपिणं बंद असताना त्या घेतल्या तर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. उलट्या-जुलाब, तापानं जेवण सुटलंय, अशा दिवसांत गोळी थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवावं. ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती बंद करतात. आणि आपल्याकडे निर्जळी एकादशी असते, नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास असतात. उपास धरणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

[घरातली खोली. टेबलावर ग्लुकोमीटर, इन्सुलिनचं पेन, औषधांची पेटी]

एक फसवी खूण मात्र सांगितलीच पाहिजे. पंधरा-वीस वर्षं शुगर असलेल्या माणसाची शुगर अचानक सुधारू लागते. इन्सुलिनचे युनिट कमी करावे लागतात, गोळी अर्ध्यावर येते. घरात आनंद होतो, पथ्याला यश आलं असं वाटतं. कधीकधी ते खरंही असतं. पण शरीरातलं इन्सुलिन निकामी करून बाहेर काढण्याचं मोठं काम किडनी करते, टोचून घेतलेल्या इन्सुलिनचं तर विशेषच. किडनी थकली की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं. शिवाय किडनीनं बनवायची साखरही कमी होते. त्यामुळे शुगर उतरते, रात्री-अपरात्री घाम फुटून धोकादायक खाली जाते. त्यातच रक्त कमी झालं असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सीसुद्धा खोटी कमी येऊ शकते. कारण नसताना शुगर सुधारली, तर आधी क्रिएटिनिन करून घ्या. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाही हिशोब त्याच वेळी डॉक्टरांसमोर ठेवा, कारण थकलेल्या किडनीला त्या फार जड जातात.

किडनी बिघडू लागल्यावर दुखत नाही. पायांवर सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी कळवणारी तपासणी आहे आणि ती लघवीचीच आहे, पण साखरेची नाही. तिचं नाव अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, रिपोर्टवर एसीआर. शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा थोडासा नमुना लागतो. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज. टाइप-२ मधुमेहात ही जोडी निदानाच्या दिवसापासून दरवर्षी करायची, टाइप-१ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी. एसीआर ३० च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) आत हवा. जास्त आला तर लगेच निष्कर्ष काढायचा नाही. ताप, लघवीचा संसर्ग, भरपूर व्यायाम यांनीही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासायचा. तीनपैकी दोनदा जास्त आला, तर किडनीवर परिणाम सुरू झाला आहे असं धरून रक्तदाबाच्या आणि शुगरच्या औषधांची नव्यानं आखणी करायची असते. तुमच्या शेवटच्या रिपोर्टमध्ये एसीआर होता का, ते आज फाइल काढून बघा. नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या.